जपानी खाणावळीत जेवायचं कसं: नोरेनपासून बिलापर्यंत

जपान बघायला येणाऱ्या आपल्या माणसांच्या जेवणाचं गणित मला आता पाठ झालंय. पहिले दोन दिवस सुशी आणि रामेन, तिसऱ्या दिवशी टोकियोच्या निशी-कासाई भागातलं भारतीय हॉटेल, आणि चौथ्या दिवसापासून बॅगेतल्या दशम्या नि चिवडा. इथला साधा माणूस रोज दुपारी जे जेवतो, ते राहूनच जातं. ते मिळतं शोकुदोमध्ये.

शोकुदो म्हणजे खाणावळ. दहा-पंधरा खुर्च्या, स्वयंपाकाच्या ओट्यासमोर ओळीने मांडलेली स्टुलं, भिंतीवर पदार्थांच्या नावांच्या कागदी पट्ट्या, कोपऱ्यात उंचावर चालू असलेला टीव्ही. 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी वाचून आपण पुण्यात ज्या विश्वासाने आत शिरतो, तोच विश्वास इथे चालतो. आत मिळतं ते तेइशोकु, म्हणजे ठरलेलं ताट: भात, मिसो सूप (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा), एक मुख्य पदार्थ, एकदोन छोट्या वाट्या आणि लोणचं. 2013 साली युनेस्कोने 'वाशोकु' म्हणजे जपानी पारंपरिक आहाराला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याचा कणा मानली जाणारी 'एक सूप, तीन पदार्थ' ही रचना बघायला महागड्या हॉटेलात जावं लागत नाही. खाणावळीत ती साधारण 800 ते 1200 येनमध्ये समोर येते.

माझी आई रत्नागिरीची. ती आली तेव्हा मी तिला सलग तीन दुपारी अशाच खाणावळींत नेलं. तिला काय अडलं आणि काय आवडलं, हे जवळून बघितल्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

आधी वेळ, मग दार

दुपारचं जेवण साधारण 11 ते 2. त्यानंतर बऱ्याच छोट्या खाणावळी 5 वाजेपर्यंत बंद असतात. आपल्या सवयीने अडीच वाजता भूक लागली म्हणून निघालात, तर दार बंदच मिळेल. 12 ते 1 ही ऑफिसवाल्यांची वेळ, तेव्हा रांग असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने 11:30 ला किंवा सव्वा वाजता जावं. गर्दी नसली की मालकीणबाईंना तुमच्याशी दोन शब्द बोलायला फुरसत असते, आणि शाकाहारी माणसाला तर ती फुरसत फार लागते.

उघडं आहे की बंद, हे पाटीवरून ठरवायला जाऊ नका. 'चालू आहे' आणि 'तयारी सुरू आहे' या दोन्ही पाट्यांतलं शेवटचं अक्षर एकच असतं, त्यामुळे नवखा माणूस फसतो. दारावरचा कापडी पडदा बघा. त्याला नोरेन म्हणतात. तो बाहेर लटकत असेल तर या, आत घेतलेला असेल तर नंतर या.

काही ठिकाणी दाराशेजारी काचेच्या कपाटात पदार्थांचे हुबेहूब नमुने मांडलेले असतात. हा धंदा म्हणून 1932 मध्ये ओसाकात उभा केला तो इवासाकी ताकिझो यांनी. भाषा येत नसेल तर हे कपाट तुमचा दुभाषा आहे. फोनवर नमुन्याचा फोटो काढायचा आणि आत जाऊन दाखवायचा, एवढं पुरतं.

आत गेल्यावर 'इराश्शाइमासे', म्हणजे 'या, या', अशी हाक येईल. तिला उत्तर द्यायचं नसतं. किती जण आहात ते बोटांनी दाखवा आणि ते सांगतील तिथे बसा. एकट्याला बहुतेक ओट्यासमोरची जागा मिळते. ती आनंदाने घ्या, कारण तिथून सगळा स्वयंपाक दिसतो.

तिकिटाचं यंत्र असेल तर

दाराच्या आतच बटणांनी भरलेलं, माणसाच्या उंचीचं एक यंत्र दिसलं तर समजा की इथे पैसे आधी द्यायचे आहेत. जुन्या यंत्रात आधी नोट सरकवायची, मग तेवढ्या पैशांत येणारी बटणं उजळतात. हवं ते दाबलं की बोटभर तिकीट पडतं. सुटे आपोआप आले नाहीत तर खाली एक दांडी किंवा बटण असतं, ते ओढायचं किंवा दाबायचं. तिकीट ओट्यावर ठेवायचं किंवा वाढणाऱ्याच्या हातात द्यायचं, बाकी बोलायची गरज नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 10,000 येनची नोट बरीच जुनी यंत्रं घेत नाहीत, म्हणून 1,000 च्या नोटा जवळ असू द्या. जुलै 2024 मध्ये नव्या नोटा निघाल्या, 1,000 च्या नोटेवर आता जीवाणूशास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो आहेत. काही जुन्या यंत्रांना ही नवी नोटही चालत नाही. अशा वेळी ती नोट हातात धरून आत दाखवा, बदलून देतात.

आणि कुठलं बटण दाबायचं हेच कळेना, तर डावीकडचं सगळ्यात वरचं दाबा. खाणावळीचा हुकमी पदार्थ तिथे ठेवायची रीत आहे. मांसमासे खाणाऱ्यांसाठीच हा सल्ला, हे वेगळं सांगायला नको.

मागवायचं काय

यंत्र नसेल तर कुणीतरी पाणी किंवा चहा आणि ओला रुमाल आणून ठेवतं. रुमाल हातांसाठी असतो, त्याने तोंड-मान पुसू नका. मागवायचं ठरलं की मान वर करून मोकळ्या आवाजात 'सुमिमासेन!' म्हणजे 'माफ करा, जरा इकडे' म्हणा. आपल्याला असं ओरडणं उद्धट वाटतं आणि आपण नजरेला नजर मिळायची वाट बघत बसतो. इथे हाक मारणं हीच रीत आहे.

सगळ्यात बिनघोर शब्द 'हिगावारी', म्हणजे आजचं ताट. त्या दिवशी बाजारातून जे चांगलं आलं त्याचं केलेलं, बहुतेक सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर येणारं. खाणाऱ्याला काही वर्ज्य नसेल तर मी दुसरं काही बघतच नाही.

नेहमीच्या ताटांपैकी शोगायाकी म्हणजे आलं आणि सोया सॉसमध्ये परतलेलं डुकराचं मांस. काराआगे म्हणजे तळलेलं चिकन, आपल्याकडच्या बहुतेकांना पहिल्या घासालाच आवडतं. कात्सु म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला तुकडा, बहुधा डुकराचा. निकुजागा म्हणजे मांस-बटाट्याची गोडसर भाजी, इथल्या घराघरांत होणारी. यातलं मांस टोकियोकडे बरेचदा डुकराचं असतं आणि ओसाका-क्योतोकडे गाईचं. तिकडे नुसतं 'निकु' म्हणजे मांस म्हटलं तरी गोमांसच समजतात. गोमांस न खाणाऱ्यांनी तिकडे 'ग्यूनिकु देस का?' म्हणजे 'हे गोमांस आहे का?' असं विचारून घ्यावं. हाम्बागु म्हणून जी मांसाची वडी मिळते, तिच्यात गाय आणि डुक्कर यांच्या खिम्याची मिसळ असणं नेहमीचं.

कोकणातल्या, गोव्यातल्या, किंवा मासा दिसला की डोळे चमकणाऱ्या कुणालाही मी सांगेन, पहिल्या दिवशी साबा शिओयाकी मागवा. साबा म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा, अंगाने मोठा आणि तेलाने भरलेला, बरेचदा नॉर्वेहून आलेला. त्याला मीठ लावून आचेवर भाजतात. हळद नाही, तिखट नाही, आगळ नाही. आईसमोर तो आला तेव्हा कातडीवर बारीक बुडबुडे अजून चुरचुरत होते, कडा काळसर झाल्या होत्या आणि बाजूला किसलेल्या पांढऱ्या मुळ्याचा ओला गोळा होता. तिने आधी वास घेतला. मग म्हणाली, "अगं, हा तर आपला बांगडाच. फक्त न्हाऊन आलाय."

खायची पद्धत अशी. मुळ्याच्या किसावर सोया सॉसचे चार थेंब टाका, माशावर नाही. चॉपस्टिकने माशाचा लहान तुकडा सोडवा, त्यावर चिमूटभर कीस ठेवा आणि खा. मुळा तेलकटपणा कापतो. हा मासा बहुतेक अर्धा चिरलेला असतो आणि मधल्या रेषेत काटे लागतात, म्हणून रेषेच्या वरून आणि खालून तुकडे काढत जायचं. कातडी टाकू नका. शरद ऋतूत सान्मा नावाचा लांब, चंदेरी मासा अख्खा भाजून येतो. तो मात्र उलटायचा नसतो. वरची बाजू डोक्याकडून शेपटीकडे संपवायची, मग मधला काटा उचलून ताटलीच्या कडेला ठेवायचा आणि खालची बाजू खायची. काटा तोंडात आलाच तर चॉपस्टिकने किंवा हाताच्या आडून काढा, कुणी काही म्हणत नाही.

भाषेला घाबरणाऱ्यांसाठी करी-राइस म्हणजे 'कारे राइस' आहेच. हा पदार्थ मेइजी काळात इंग्रजांमार्फत जपानात पोचला, म्हणून तो घट्ट आणि गोडसर आहे. थेट हिंदुस्थानी चव आणली ती इथे आश्रय घेतलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी. शिंजुकूच्या नाकामुराया या दुकानात 1927 पासून ती मिळते. खाणावळीतला कारे मात्र पहिल्या घराण्याचा. तो भाजीचा दिसला तरी त्याच्या रश्श्याच्या तयार वड्यांत बहुधा प्राण्यांची चरबी असते.

शाकाहारी असाल तर

इथे मला घाई करायची नाही, कारण याच ठिकाणी आपली माणसं सगळ्यात जास्त दुखावली जातात. ऑफिसात नव्याने आलेल्या एका मुलीला मी सुरुवातीच्या दिवसांत एका खाणावळीत नेलं आणि 'निकु नाशी', म्हणजे मांसाशिवाय, असं आत्मविश्वासाने सांगितलं. आलेल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅमचे तुकडे होते. देणाऱ्यांनी फसवलं नव्हतं. हॅम हे 'निकु'मध्ये धरायचं असतं, हे त्यांच्या मनात आलंच नाही. मासा तर त्या शब्दात येतच नाही. ती मुलगी काही न बोलता नुसता भात जेवली, आणि मी त्या दिवसापासून शब्द बदलले.

मूळ अडचण दिसणाऱ्या मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी, आपल्या फोडणीइतकंच सगळीकडे असणारं. ते कोन्बु या समुद्री वनस्पतीचं करता येतं. 1908 मध्ये रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी 'उमामी' या पाचव्या चवीचा शोध लावला तो याच कोन्बुच्या काढ्यातून. पण खाणावळीत दाशी बहुतेक कात्सुओबुशीची, म्हणजे धुरावून वाळवलेल्या माशाच्या पातळ काचऱ्यांची, किंवा सुकवलेल्या छोट्या माशांची असते. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, अंड्याचा गोडसर रोल, उदोन या जाड नूडल्सचं पाणी, सगळ्यांत ती आहे. टोफूच्या वडीवर गुलाबी-तपकिरी पापुद्रे थरथरताना दिसले तर तेही तेच.

म्हणून हे वाक्य पाठ करा किंवा फोनवर लिहून ठेवा: 'निकु मो साकाना मो ताबेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देस.' मांस नाही, मासाही नाही, माशाची दाशीसुद्धा नको. त्यापुढे विचारा: 'ताबेरारेरु मोनो वा आरिमास का?' मला खाता येईल असं काही आहे का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. त्याने नकार देणं समोरच्याला सोपं होतं आणि तुम्हाला खरं उत्तर मिळतं. 'सुमिमासेन' म्हणत त्यांनी मान लववली तर आभार मानून निघा, त्यात कुणाचाच अपमान नाही.

आता काय मिळू शकतं ते. पांढरा भात निर्धास्त. हियायाक्को म्हणजे गार टोफू, पण 'कात्सुओबुशी नुकी दे' म्हणजे पापुद्रे न घालता, असं सांगून. उकडलेल्या एदामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा. उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, जे भाताबरोबर कैरीच्या जुन्या लोणच्याची आठवण करून देतं. मात्र गोडसर उमेबोशीत कधी कात्सुओ असतो, विचारावं. नात्तो, म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन, ज्याला चालेल त्याला, पण सोबतच्या पुडीतला रस बाजूला ठेवून साधा सोया सॉस घ्यावा. कोरोक्के बटाटेवड्यासारखा दिसतो, पण आत बहुधा खिमा असतो. तळणीचं तेलही काही ठिकाणी डुकराच्या चरबीचं असतं.

काटेकोर शाकाहारी आणि जैन मंडळींना मी खाणावळीचा आग्रह करत नाही. त्यांच्यासाठी बौद्ध मठांची शोजिन र्‍योरी आहे, कोयासानसारख्या ठिकाणी मिळणारी. तिच्यात मांसमासे नाहीत, रूढ रीतीप्रमाणे कांदा-लसूणही नाही. कंदमुळं मात्र असतात, हे जैनांनी लक्षात घ्यावं.

ताट समोर आलं: कालवायचं नाही

आपल्या ताटात डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, आणि मिठाची जागा ठरलेली. इथेही तसंच. पुढे डावीकडे भाताचा वाडगा, पुढे उजवीकडे सूप, मागे मुख्य पदार्थ, अधेमधे लोणचं आणि छोट्या वाट्या. जागा बदलू नका, हातांच्या हालचाली त्या जागांवरच बेतलेल्या आहेत.

जेवायच्या आधी म्हणायचा शब्द 'इतादाकिमास', तो म्हणा. मग भाताचा वाडगा डाव्या हातात उचला. आपल्याकडे ताट उचलून जेवणं वाईट, इथे वाडगा खाली ठेवून त्यावर वाकणं वाईट. सूपही वाडगा उचलून ओठांनी प्यायचं, आतला टोफू नि वाकामे या समुद्री वनस्पतीचं पान चॉपस्टिकने खायचं. चमचा येत नाही.

आणि आता आपल्या हाताची सगळ्यात जुनी सवय: भातावर सूप ओतून कालवणं. आईचा हात तीनदा वाडग्याकडे गेला. मिसो सूप ओतलेल्या भाताला इथे 'नेको-मान्मा' म्हणतात, मांजराचं जेवण. घरी एकटं असताना लोक खातातही, पण चारचौघांत नाही. सोया सॉससुद्धा पांढऱ्या भातावर ओतत नाहीत. मग अळणी भात जायचा कसा? त्याची युक्ती अशी की कालवण वाडग्यात नाही, तोंडात करायचं. खारट माशाचा तुकडा तोंडात ठेवा, तो संपायच्या आत भाताचा घास घ्या, दोन्ही एकत्र चावा, वर सुपाचा घोट. पुन्हा लोणच्याची चकती, पुन्हा भात. एकच पदार्थ आधी संपवून टाकायचा नाही, सगळे बरोबरीने खाली उतरले पाहिजेत. भात मिठाशिवाय का शिजवतात, हे इथे कळतं: तो सगळ्यांना जागा देतो. आईने ही लय दुसऱ्या दिवशी पकडली, आणि मग मला म्हणाली, "वरण नाही म्हणून अडत नाही गं, भातच इतका गोड आहे." कारे राइस आणि वाडग्यात भातावरच पदार्थ घालून येणारे दोन्बुरी प्रकार याला अपवाद. तरी तेही वरून खाली, जसे रचलेत तसेच खातात.

चॉपस्टिकबद्दल दोनच नियम कडक आहेत. त्या भातात उभ्या खोचू नका, मृताच्या उशाशी ठेवलेल्या भातात तशा खोचतात. आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका, दहनानंतर अस्थी अशा उचलतात. पिंडाच्या भाताला आपण जसा मान देतो, तसंच हे. बाकी धरायला जमलं नाही तर काटा मागा.

टेबलावरच्या बाटल्या बघून घ्या. पातळ ती सोया सॉस, घट्ट आणि गोडसर वासाची ती तळलेल्या पदार्थांची. माझ्याकडून पहिल्या वर्षी कितीदा अदलाबदल झाली असेल! तिखटाची तल्लफ आली तर शिचिमीची छोटी कुपी शोधा, सात मसाल्यांचं मिश्रण, मिरची धरून. घरून आणलेलं लोणचं मात्र बॅगेतच राहू द्या.

भात कमी हवा असेल तर आधीच 'गोहान सुकुनामे' सांगा, पानात टाकण्यापेक्षा ते बरं. जास्त हवा तर 'ओओमोरी'. संपल्यावर पुन्हा घ्यायचा तर 'ओकावारी'. काही ठिकाणी तो फुकट, काही ठिकाणी थोडे पैसे. ओओतोया किंवा यायोइकेनसारख्या साखळी खाणावळींत चित्रांचे मेनू असतात, त्यामुळे सरावाला त्या चांगल्या. दोघांत एक ताट वाटून घेणं आणि उरलेलं बांधून मागणं, या दोन्ही गोष्टी इथे बसत नाहीत. लहान मूल असेल तर 'तोरीझारा' म्हणजे छोटी ताटली मागा, लगेच देतात.

निघताना

जेवण झालं की फार वेळ टेबल अडवू नका, बाहेर कुणीतरी उभं असतं. ट्रेवर भांडी आली असतील आणि कोपऱ्यात ती परत द्यायची खिडकी दिसत असेल, तर ट्रे तिथे नेऊन ठेवा. टेबलावर बिलाची चिठ्ठी असेल तर ती घेऊन दाराजवळच्या गल्ल्यापाशी जा. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे. मेनूवर करासह आणि कराशिवाय असे दोन आकडे असू शकतात, बसून खाल्ल्यावर कर 10 टक्के. छोट्या खाणावळीत कार्ड चालेलच असं नाही. टिप ठेवू नका. ठेवलीत तर विसरलेले पैसे समजून कुणीतरी तुमच्या मागे रस्त्यात धावत येईल.

दाराशी पोचल्यावर ओट्याकडे वळून 'गोचिसोसामा देशिता', म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणा. तिसऱ्या दिवशी ते आईनेच म्हटलं, तेही माझ्या आधी, आणि नोरेन बाजूला सारून बाहेर पडताना मला विचारलं, "उद्याचं हिगावारी काय असेल गं?"